विद्युत क्षेत्राची रेषा सापडते, पण बाण कुणीकडे काढायचा?

प्रयोगवही

अकरावी-बारावीला विद्युत क्षेत्र शिकवताना दोन प्रयोग हमखास केले जातात. एक रव्याचा: काचेच्या पसरट बशीत एरंडेल तेल, त्यावर चिमूटभर रवा, आणि तेलात बुडवलेल्या दोन तारांवर तीन ते पाच हजार व्होल्ट. कण एकामागे एक रांगा धरतात. दुसरा पाण्याच्या ट्रेचा: धातूचे दोन तुकडे, सहा व्होल्ट, आणि मल्टीमीटरने समविभव रेषा, म्हणजे सारखा विभव असलेल्या बिंदूंच्या रेषा, शोधायच्या. दोन्हींतून बलरेषांचा आकार मिळतो. पण वहीत त्या रेषांवर बाण काढायची वेळ आली की मुलं "धनाकडून ऋणाकडे" हे पाठ वाक्य टाकून मोकळी होतात.

तीन गोष्टी नीट मांडून हव्या आहेत. बाणाची दिशा नेमकी कशाने ठरते? वरच्या प्रयोगांत ती मोजून दाखवता येते, की नुसती गृहीत धरायची? आणि उदाहरणं सोडवताना चिन्हांचा घोळ कुठे होतो? जाणकारांनी कृपया मापांसकट लिहावं.

सदिश

व्याख्येपासून सुरुवात करू. बाकीचे सगळे नियम तिच्यातूनच निघतात, आणि वाद झाला की निकालही तिच्याकडेच मागायचा.

एखाद्या बिंदूवर लहानसा धन प्रभार स्थिर ठेवला तर त्याच्यावर ज्या दिशेने बल येईल, ती त्या बिंदूवरच्या क्षेत्राची दिशा. बलाला त्या प्रभाराने भागलं की क्षेत्राची तीव्रता मिळते, न्यूटन प्रति कूलोममध्ये. व्होल्ट प्रति मीटर हे त्याच एककाचं दुसरं रूप आहे.

यात तीन अटी आहेत आणि तिन्ही महत्त्वाच्या आहेत. प्रभार स्थिर हवा, कारण तो हलत असेल तर चुंबकीय बलही त्यात मिसळू शकतं. प्रभार लहान हवा, कारण मोठा आणला तर आसपासच्या धातूंवरचे प्रभार सरकतात आणि आपण मोजतो ते मूळ क्षेत्र राहतच नाही. टोकाचं उदाहरण द्यायचं तर, थोडासा धन प्रभार असलेल्या धातूच्या गोळ्याजवळ खूप मोठा धन प्रभार अगदी खेटून आणा. गोळ्याच्या समोरच्या अंगाला ऋण प्रभार जमतो आणि दोन्ही धन असूनही ते एकमेकांकडे ओढले जातात. असा प्रभार वापरून बाण काढला तर तो उलटाच निघेल.

तिसरी अट, प्रभार धन हवा. हा मात्र निव्वळ संकेत आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७च्या सुमारास धन आणि ऋण अशी विभागणी मांडली आणि रेशमाने घासलेल्या काचेवरचा प्रभार धन मानला गेला. पुढे १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगांतून इलेक्ट्रॉन समोर आला, तो या संकेताप्रमाणे ऋण ठरला. उद्या सगळ्यांनी मिळून चिन्हं उलटी केली तर क्षेत्राचा बाण उलटेल, प्रभाराचं चिन्हही उलटेल, आणि दोघांचा गुणाकार, म्हणजे बल, आहे तेच राहील. त्यामुळे 'खरी' दिशा कोणती हे कुठल्याच प्रयोगातून ठरवता येत नाही. प्रयोगातून एवढंच कळतं की काच-रेशमाच्या जातीच्या प्रभारावर बल कुठल्या बाजूला येतं.

"धनाकडून ऋणाकडे" हे व्याख्या म्हणून शिकवू नये. एकटा धन प्रभार असेल तर रेषा बाहेर जातात आणि जवळपास ऋण प्रभार नसला तरी जातच राहतात. दोन सारख्या धन प्रभारांच्या मधोमध उभं राहिलं तर ते वाक्य काहीच सांगत नाही. तिथे क्षेत्र शून्य असतं, आणि हे व्याख्येवरून एका ओळीत निघतं.

अणुरेणू

रव्यातून बाण कधीच मिळणार नाही. त्याचं कारणही मुलांना सांगण्यासारखं आहे.

रव्याचा कण स्वतः प्रभारित नसतो. क्षेत्रामुळे त्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण प्रभार येतो, आणि लांबट कण क्षेत्राच्या रेषेत वळतो. क्षेत्र उलटं केलं की टोकांवरचे प्रभारही उलटतात. दोन्ही चिन्हं बदलल्यामुळे वळवणारं आघूर्ण तेच राहतं. म्हणून तारांची अदलाबदल केली तरी नक्षी जशीच्या तशी येते, अगदी एसी दिलं तरी येते. हे मुलांकडून करवूनच घ्यावं: नक्षी काढा, पुरवठा बंद करा, तारा बदला, पुन्हा चालू करा. काहीच बदललं नाही हे डोळ्यांनी पाहिलं की रेषेचा कल आणि बाणाचं टोक या दोन वेगळ्या माहिती आहेत हे पटतं.

मापांबद्दल. तेल ३-४ मिमी खोल पुरे. रवा बारीक, कोरडा आणि इतकाच की बशीचा तळ दिसत राहील. जास्त पडला तर कण एकमेकांना चिकटून दोन तारांमध्ये पूल बांधतात, आणि मग दिसते ती नक्षी क्षेत्राची नसून गर्दीची असते. एरंडेलच घ्यावं. पातळ तेलात कण लवकर तळाला बसतात आणि घर्षणामुळे तिथे वळत नाहीत. पुरवठा प्रयोगशाळेतला, प्रवाह मर्यादित ठेवणारा उच्च विभवाचाच असावा. डास मारायची बॅट उघडून तिचा उपयोग करायची युक्ती सुचवली जाते. ती करू नये, बटण सोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये प्रभार उरतो.

तांब्याची तार

पाण्याच्या ट्रेमध्ये बाण मोजता येतो. फक्त मल्टीमीटर नेहमीच्या पद्धतीने न वापरता दोन पिनांनी वापरायचा. सविस्तर लिहितो.

सपाट तळाचा पारदर्शक प्लास्टिकचा ट्रे, साधारण ३० × २० सेमी. खाली आलेख कागद. त्यावर ५ ते ८ मिमी नळाचं पाणी. डिस्टिल्ड पाणी नको, त्याची वाहकता इतकी कमी असते की साधा मीटर लावला तरी वाचन ढळतं. मीठही घालू नका, प्रवाह वाढतो आणि बुडबुडे सुटतात. ट्रे समतल हवा. एका बाजूला पाणी ५ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ८ मिमी असेल तर रेषा वाकड्या येतात, आणि दोष कुणाच्या लक्षात येत नाही. चार कोपऱ्यांत पट्टी उभी धरून खोली तपासा.

विद्युताग्रं म्हणून स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या, एकमेकींना समांतर, १० सेमी अंतरावर. पुरवठा ६ व्होल्ट डीसी.

आता शोधक. बुचाच्या तुकड्यात दोन टाचण्या बरोबर १ सेमी अंतरावर खोचा, टोकं सारखी बाहेर ठेवा. एकीला मल्टीमीटरची लाल वायर, दुसरीला काळी. मीटर डीसी व्होल्टवर. बूच पाण्यात उभं धरून हळूहळू फिरवा. वाचन शून्य होतं तेव्हा दोन्ही टाचण्या एकाच विभवावर असतात, म्हणजे त्यांना जोडणारी रेषा समविभव रेषेला लागून असते. तिथून ९० अंश फिरवलं की टाचण्या क्षेत्राच्या रेषेत येतात आणि वाचन जास्तीत जास्त होतं.

बाण मिळतो तो मीटरच्या चिन्हावरून. वाचन धन असेल तर लाल टाचणीचा विभव जास्त, म्हणून क्षेत्र लालकडून काळीकडे. ऋण असेल तर उलट. क्षेत्र नेहमी विभव उतरतो त्या बाजूला असतं. आणि तीव्रताही तिथल्या तिथे मिळते: ०.४ व्होल्ट वाचन आलं तर ०.४ भागिले ०.०१ मीटर, म्हणजे ४० व्होल्ट प्रति मीटर.

एक सूचना. दिशा शोधताना महत्तम वाचन शोधत बसू नका, शून्य शोधा आणि काटकोन काढा. महत्तमापाशी बूच १० अंश चुकलं तरी वाचन जेमतेम दीड टक्का बदलतं. शून्यापाशी तेवढीच चूक झाली तर वाचन महत्तमाच्या १७ टक्के होतं. म्हणजे शून्याची जागा कितीतरी नेमकी पकडता येते.

प्रयोगवही

तांब्याची तार, फारच उपयोगी. पण हिशेबाने ६ व्होल्ट आणि १० सेमीला ६० व्होल्ट प्रति मीटर यायला हवेत. तुम्ही ४०चं उदाहरण घेतलंत ते मुद्दाम का?

तांब्याची तार

हो, मुद्दाम. डीसी दिल्यावर धातू आणि पाणी यांच्या सीमेवर रासायनिक क्रियेमुळे व्होल्टेजचा काही भाग तिथेच पडतो. दोन्ही टोकांचा मिळून हा भाग सहज दीड-दोन व्होल्ट होतो. पाण्याच्या वाट्याला उरतं ते चार-साडेचार. मुलं पट्टीला मीटर लावून ६ वाचतात, पट्टीपासून २ मिमीवर पाण्यात टाचणी ठेवली की एकदम व्होल्टभर कमी दिसतं, आणि मीटर बिघडलाय असं समजतात. मीटर बरोबर असतो. दोन पिनांचा शोधक वापरला की हा प्रश्न उरत नाही, कारण दोन्ही टाचण्या पाण्यातच असतात.

डीसीने बुडबुडे येतात, पट्ट्यांवर थर बसतो, वाचन हळूहळू सरकतं. यावर उपाय म्हणून ६ व्होल्ट एसी वापरतात, ते आकारासाठी उत्तम आहे. पण मीटर एसीवर ठेवला की चिन्ह गेलं, कारण ५० हर्ट्झला क्षेत्र सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतं आणि मीटर फक्त किती ते सांगतो. म्हणजे पुन्हा रव्यासारखीच स्थिती. म्हणून सगळ्या समविभव रेषा एसीवर निवांत काढाव्यात, मग डीसी जोडून दहा-बारा ठिकाणी फक्त चिन्ह पाहावं. एका ठिकाणचं वाचन झालं की पुरवठा बंद करायची सवय लावा.

मीटर डिजिटल हवा. त्याचा आंतरिक रोध साधारण १० मेगाओहम असतो. जुना काट्याचा मीटर पाण्यातून स्वतःच प्रवाह ओढतो आणि मोजायचं क्षेत्रच बदलतो.

केल्विन२७३

ट्रेबद्दल दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात, नाहीतर हुशार मुलं अडकतात.

पहिली, हे क्षेत्र द्विमितीय आहे. पाण्यात गोल खिळा उभा केला तर तो बिंदूप्रभारासारखा न वागता लांबलचक प्रभारित तारेसारखा वागतो. त्यामुळे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी न होता नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. अंतर दुप्पट केल्यावर क्षेत्र निम्मंच झालं, पाव का नाही झालं, हा प्रश्न येतोच. दिशा मात्र दोन्हींत सारखी.

दुसरी, ट्रेच्या भिंती. प्लास्टिकमधून प्रवाह जाऊ शकत नाही, म्हणून भिंतीलगत बलरेषा भिंतीला समांतर होतात. मोकळ्या जागेत त्या खूप लांब फुगून गेल्या असत्या. विद्युताग्रं भिंतींपासून ५-६ सेमी आत ठेवा आणि कडेच्या वाचनांवरून निष्कर्ष काढू नका.

आणखी एक जोड. दोन पट्ट्यांच्या मधोमध लोखंडी पाइपाची ५ सेमी व्यासाची कापलेली कडी उभी ठेवा, पाण्याच्या वर डोकावेल इतकी उंच. कडीच्या आत दोन पिनांचा शोधक कुठेही, कसाही फिरवला तरी वाचन जवळजवळ शून्य. बाहेर कडीला लागून मोजलं तर क्षेत्राची रेषा पृष्ठभागाला काटकोनात येते, आणि एका अंगाला बाण कडीत शिरणारा, समोरच्या अंगाला बाहेर पडणारा. रंग किंवा गंज घासून काढलेला असावा, नाहीतर प्रवाह कडीत शिरत नाही आणि बाहेरच्या रेषा काटकोनात न येता कडीला समांतर वळसा घालतात.

सदिश

आता उदाहरणांतला घोळ. सर्वांत जास्त गुण जातात ते चिन्ह दोनदा मोजल्यामुळे. सूत्रात ऋण प्रभार ऋण चिन्हासकट घातला, उत्तर ऋण आलं, आणि नंतर "ऋण प्रभाराकडे" म्हणून बाणही वळवला. दोन वेळा उलटून दिशा पुन्हा चुकीची.

पद्धत अशी ठेवा: परिमाण काढताना प्रभाराचं फक्त मूल्य घ्या. दिशा आकृतीवरून ठरवा. धन प्रभार असेल तर त्याच्यापासून दूर, ऋण असेल तर त्याच्याकडे. मग घटक पाडा.

करून पाहू. आरंभबिंदूवर +३ नॅनोकूलोम, आडव्या अक्षावर ८ सेमीवर −३ नॅनोकूलोम. बिंदू आहे ४ सेमी आडवा, ३ सेमी वर. दोन्ही प्रभारांपासून अंतर ५ सेमी.

प्रत्येकाचं परिमाण: ८.९९ × १०⁹ गुणिले ३ × १०⁻⁹ भागिले ०.०५चा वर्ग. म्हणजे २६.९७ भागिले ०.००२५, सुमारे १०,७९० न्यूटन प्रति कूलोम.

पहिल्याचं क्षेत्र त्याच्यापासून दूर: आडवा घटक ०.८ पट, उभा ०.६ पट. म्हणजे उजवीकडे ८,६३० आणि वर ६,४७०.

दुसऱ्याचं क्षेत्र त्याच्याकडे: उजवीकडे ८,६३० आणि खाली ६,४७०.

बेरीज: उजवीकडे १७,२६०, उभा घटक शून्य. म्हणजे क्षेत्र धन प्रभाराकडून ऋण प्रभाराकडे जाणाऱ्या रेषेला समांतर.

आता दुसरा प्रभारही +३ केला तर? आडवे घटक एकमेकांना मारतात आणि वर १२,९५० न्यूटन प्रति कूलोम उरतं. एक चिन्ह बदललं आणि बाण ९० अंशांनी फिरला. हे जोडीने सोडवून घेतलं तर पाठांतराची सवय लवकर सुटते.

पहिल्याच मांडणीत त्या बिंदूवर इलेक्ट्रॉन ठेवला तर क्षेत्र उजवीकडेच राहतं, बल मात्र डावीकडे, १.६०२ × १०⁻¹⁹ गुणिले १७,२६०, म्हणजे सुमारे २.७७ × १०⁻¹⁵ न्यूटन. प्रभाराचं चिन्ह इथे वापरायचं, क्षेत्र काढताना नाही. "इलेक्ट्रॉन उलटा जातो म्हणजे क्षेत्र उलटं" असं लिहिणारे पुष्कळ असतात.

धनऋण

सदिश सर, याला लागून शून्य क्षेत्राच्या बिंदूचं लिहितो, कारण तिथेही दिशाच कामी येते. विद्यार्थी आधी समीकरण मांडतात आणि वर्गसमीकरणाच्या दोन उत्तरांपैकी कुठलं घ्यायचं यावर अडतात. आधी बाण काढले तर जागा बघूनच कळते. +४ आणि +१ असे प्रभार असतील तर बाण एकमेकांविरुद्ध फक्त मधल्या भागात येतात, म्हणून शून्य बिंदू मध्येच, मोठ्या प्रभारापासून दोन तृतीयांश अंतरावर. +४ आणि −१ असतील तर मधल्या भागात दोन्ही बाण एकाच बाजूला, तिथे शून्य होणं शक्यच नाही. बाहेर, लहान प्रभाराच्या पलीकडे, दोन प्रभारांमधलं जेवढं अंतर तेवढंच पुढे गेलं की शून्य.

आलेखातही हेच. विभव विरुद्ध अंतर असा आलेख दिला असेल तर क्षेत्र म्हणजे ऋण चढ. आलेख उतरता असेल तिथे क्षेत्र अंतर वाढण्याच्या दिशेने. विभव शून्य आहे म्हणून क्षेत्र शून्य असं नाही, आणि उलटही नाही. सदिश सरांच्या पहिल्या मांडणीत त्या बिंदूवर विभव बरोबर शून्य आहे, क्षेत्र मात्र १७ हजारांवर.

अणुरेणू

सहमत. बलरेषा म्हणजे प्रभाराचा मार्ग, हा गैरसमजही काढायला हवा. रेषेची स्पर्शिका बलाची दिशा दाखवते, म्हणजे त्वरणाची. वेगाची नव्हे. स्थिर सोडलेला धन प्रभार सरळ रेषेवर असेल तर त्या रेषेनेच जाईल. रेषा वाकडी असेल तर वेग घेतलेला प्रभार वळणावर रेषेच्या बाहेर जातो, कारण वळायला लागणारं बल रेषेला काटकोनात हवं, आणि क्षेत्र तर रेषेलाच लागून आहे.

बॅटरीबद्दलही विचारलं जातं. बॅटरीच्या आतही स्थितिक क्षेत्र धन टोकाकडून ऋण टोकाकडेच असतं. आतून धन प्रभार ऋण टोकाकडून धन टोकाकडे नेण्याचं काम रासायनिक क्रिया करते, क्षेत्राविरुद्ध. बाहेरच्या तारेत क्षेत्र आणि विद्युतधारा एकाच दिशेने, आत विरुद्ध दिशांनी.

आणि द्विध्रुव आघूर्णाचा, म्हणजे सारख्याच धन-ऋण प्रभारांच्या जोडीचा बाण. भौतिकशास्त्रात तो ऋणाकडून धनाकडे काढतात, रसायनशास्त्राच्या पुस्तकांत बहुधा धनाकडून ऋणाकडे. बारावीला दोन्ही विषय असतात. फळ्यावर बाण काढला की कुठला संकेत ते शेजारी लिहावंच.

मेघगर्जना

आकाशातलं क्षेत्र हे दिशेचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे, आणि तिथेही संकेताचा सापळा आहे.

निरभ्र हवेत जमिनीलगत साधारण १०० व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र असतं. जमिनीवर ऋण प्रभार आणि वर हवेत धन, म्हणून दिशा खाली. डोक्यापासून पायापर्यंत दीडशे व्होल्ट असूनही धक्का बसत नाही, कारण शरीर वाहक आहे. ते जमिनीच्या विभवावर येतं आणि समविभव पृष्ठं डोक्यावरून वळसा घालून जातात. शिवाय हवेतून वाहणारी धारा चौरस मीटरला पिकोअँपिअरच्या घरातली.

वळवाचा ढग डोक्यावर आला की चित्र उलटतं. ढगाच्या खालच्या भागात मुख्यतः ऋण प्रभार असतो, त्यामुळे जमिनीजवळचं क्षेत्र वर वळतं आणि हजारो व्होल्ट प्रति मीटरवर जातं.

हवामानशास्त्रात नोंद बहुधा विभव-चढाची करतात. उंचीबरोबर विभव वाढतो म्हणून निरभ्र हवेत तो धन. भौतिकशास्त्राच्या संकेताने वरची दिशा धन मानली तर क्षेत्राचा उभा घटक त्याच वेळी ऋण. वस्तुस्थिती एक, चिन्हं दोन. कुठलाही आलेख वाचण्याआधी अक्षावर काय लिहिलंय ते पाहा.

मोजायचं यंत्रही इथे शोभून दिसेल. त्याला फील्ड मिल म्हणतात. जमिनीला जोडलेली पाकळ्यांची चकती फिरते आणि खालच्या संवेदक पट्ट्या आळीपाळीने झाकते-उघडते. पट्ट्यांवर प्रेरित प्रभार येतो-जातो, त्यातून एसी संकेत मिळतो. संकेताच्या उंचीवरून तीव्रता कळते. पण तो संकेत नुसता डायोडने सरळ केला तर चिन्ह हरवतं. पाकळी कुठे होती त्या क्षणाशी संकेताची कला (फेज) ताडून पाहावी लागते, तेव्हा क्षेत्र वर की खाली ते कळतं.

तांब्याची तार

मेघगर्जना, छान. वर्गात हेच छोट्या प्रमाणात करता येतं. एन-चॅनल जेफेट (एमपीएफ१०२ किंवा २एन३८१९), ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी. जेफेट म्हणजे तीन पायांचा ट्रान्झिस्टर: गेट या पायाच्या विभवावरून ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधली धारा कमी-जास्त होते. बॅटरीचं धन टोक एलईडीच्या लांब पायाला, आखूड पाय ड्रेनला, सोर्स बॅटरीच्या ऋण टोकाला. गेट मोकळा ठेवून त्याला ५ सेमी उघडी तार. ड्रेनच्या वाटेत ३३० ओहमचा रोध घातला तर एलईडी सुरक्षित राहतो. दोन्ही भागांची पायांची मांडणी वेगळी असते, डेटाशीट पाहूनच जोडा.

लोकरीने घासलेला पीव्हीसी पाइप ऋण असतो. तो तारेजवळ आणला की गेटचा विभव उतरतो आणि एलईडी विझतो. तिथे क्षेत्र तारेकडून पाइपाकडे. काच-रेशमाने धन प्रभार आणला तर एलईडी पेटलेलाच राहतो, मात्र दूर नेताना विझतो, कारण जवळ असताना गेटमधून धन प्रभार सोर्सकडे गळून गेलेला असतो आणि मागे गेट ऋण उरतं. म्हणून निर्णय नेहमी वस्तू जवळ आणतानाच घ्यायचा. पुढच्या वाचनाआधी गेटला ओलसर बोट लावून क्षणभर सोर्सशी जोडा.

प्रयोगवही

शेवटची शंका. उच्च विभवाच्या पुरवठ्यावरची लाल-काळी खूण पुसली गेली असेल तर धन टोक कसं ओळखायचं? साधा मल्टीमीटर तिथे लावता येत नाही.

केल्विन२७३

मल्टीमीटर अजिबात लावू नका, बहुतेक मीटर ६०० किंवा १००० व्होल्टपुढचे नसतात.

थर्माकोलची लहान गोळी ॲल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने टांगा. पुरवठ्याचं एक टोक जमिनीला जोडा, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या लांब दांडीने धरलेली तार लावून ती गोळीला क्षणभर टेकवा. पुरवठा बंद करा. आता लोकरीने घासलेला पीव्हीसी पाइप लांबून हळूहळू जवळ आणा. गोळी दूर ढकलली गेली तर ते टोक ऋण. ओढली गेली तर लगेच "धन" म्हणू नका, कारण प्रभार गळून गेलेली उदासीन गोळीही पाइपाकडे ओढलीच जाते. तेव्हा रेशमाने घासलेली काचेची कांडी आणून पाहा. तिच्यापासून ढकलली गेली तरच धन. खात्री फक्त प्रतिकर्षणाने होते.

पाइप फार जवळ नेला तर सदिश सरांनी वर लिहिलंय तसं सारख्या चिन्हाचे प्रभारही ओढले जातात. म्हणून १५-२० सेमीवरून पहिली हालचाल कुठल्या बाजूला होते तेवढीच पाहा.

हा प्रयोग जून ते सप्टेंबर कोकणात फसतोच. हवेची सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर गेली की दोरा, कांडी, पाइप सगळ्यांवर ओलाव्याचा पापुद्रा बसतो आणि प्रभार काही सेकंदांत निघून जातो. पावसाळ्यात करायचाच असेल तर पाइप, कांडी, लोकर आणि रेशीम हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं गरम करा, दोराही कोरडा करा, आणि गोळीला प्रभार दिल्यावर पाइप लगेच आणा. काचेवर पाणी जास्त धरतं, ती दोनदा गरम करावी लागते.